पाठांतराची हाफ-लाइफ

फार्माकोग्नोसीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ‘स्पॉटिंग’ असतं. टेबलावर ओळीनं काचेच्या बाटल्या मांडलेल्या. एकीत सोनामुखीची पानं, एकीत लवंगा, एकीत दालचिनीची साल, एकीत कुचल्याच्या चपट्या राखी बिया. विद्यार्थ्यानं बघायचं, नाव लिहायचं, वनस्पतीचं कुळ लिहायचं, उपयोग लिहायचा आणि घंटा वाजली की पुढच्या बाटलीपाशी सरकायचं. आमच्याकडे या परीक्षेचे निकाल वर्षानुवर्षं दृष्ट लागावी असे. मग एका दिवाळीच्या सुट्टीत लॅबमधल्या मामांना उत्साह आला. त्यांनी सगळा माल काढून नव्याकोऱ्या बाटल्यांत भरला, जुन्या बाटल्या भंगारात दिल्या. त्या वर्षी निम्मा वर्ग लवंगेपाशी अडला. घरी मसालेभातातून रोज बाजूला काढून ठेवतात त्या लवंगेपाशी! चौकशी केल्यावर कळलं की मुलं पानं-बिया ओळखतच नव्हती, बाटल्या ओळखत होती. झाकणाला तडा ती सोनामुखी, तळाशी निळा डाग तो ज्येष्ठमध, लेबलाचा कोपरा उडालेला तो कुचला. ही विद्या एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वह्यांच्या मागच्या पानांवरून चालत आली होती, आणि तिच्यात एकही चूक नव्हती.

मामांवर कुणी रागावलं नाही. मला तर त्यांचे आभार मानावेसे वाटले. परीक्षेत आपण नक्की काय मोजतो, हा प्रश्न इतका धुऊनपुसून आमच्यापुढे आजवर कुणी ठेवला नव्हता. आणि ‘काय मोजतो’ हा झाला अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा म्हणजे कधी मोजतो. विद्यापीठाचा पेपर सकाळी साडेदहाला सुरू होतो, दीडला संपतो. त्या तीन तासांत पोराच्या डोक्यात काय होतं याची नोंद मार्कलिस्टवर जन्मभर राहते. दोन वाजता तिथं काय उरलं, हे कुणी विचारत नाही. सेमिस्टर आल्यापासून तर विचारायची सोयच नाही. तिसऱ्या सत्रात फिजिकल फार्मास्युटिक्स निघालं की निघालं. सातव्या सत्रात त्यातलं एखादं सूत्र मी फळ्यावर वापरायला घेतलं, तर मुलं माझ्याकडे दयेनं बघतात. ‘सर, ते दुसऱ्या वर्षाचं होतं.’

विसरण्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं. १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. प्रयोगाचा विषय तो स्वतःच, एकटाच. हजारो निरर्थक अक्षरगट बनवायचे, त्यांच्या याद्या घोकायच्या, मग ठरावीक वेळानं तीच यादी पुन्हा घोकून पाहायची आणि पहिल्या वेळेपेक्षा किती मेहनत वाचली हे मोजायचं. वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के. तासाभरानं ४४. दुसऱ्या दिवशी ३४. महिन्यानंतर २१. म्हणजे घसरगुंडी सुरुवातीलाच, पुढे हळूहळू सपाटी. आमच्या मुलांची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणेन की एबिंगहाउसची अक्षरं निदान छोटी होती. त्याला कुणी सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एका रात्रीत पाठ करायला सांगितलं नव्हतं.

गंमत अशी, की हे सगळं ज्या भाषेत सांगता येईल ती भाषा फार्मसीच्या विद्यार्थ्याला आम्ही सहाव्या सत्रात शिकवतोच. औषध शरीरात गेलं की रक्तातली त्याची पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ म्हणजे हाफ-लाइफ. पॅरासिटामॉलची दोन ते तीन तास. डिगॉक्सिनची दीडेक दिवस. अमिओडॅरोनची कित्येक आठवडे. ते एकदा शरीरात मुरलं की गोळी बंद केली तरी हटत नाही. आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनोसिन, दहा सेकंदसुद्धा नाही. शिरेतून झटकन दिलं नाही तर हृदयापाशी पोचेपर्यंत संपलेलं. पाठांतराचंही हेच. फार्मास्युटिकल ज्युरिस्प्रुडन्समधली कलमं अ‍ॅडेनोसिनच्या जातीची. कॉलेजच्या कँटीनमधला सामोसा केवढ्याला होता ते मात्र अमिओडॅरोन. परीक्षेच्या आदल्या रात्री जे चालतं त्याला आमच्या शास्त्रात लोडिंग डोस म्हणतात: पातळी एकदम वर चढवण्यासाठी दिलेला मोठा घोट. तो द्यायला हरकत नसते, अट एवढीच की पुढे वेळेवर मेंटेनन्स डोस चालू राहायला हवा. चार-पाच हाफ-लाइफ नियमित मात्रा गेली की पातळी स्थिरावते. हे सगळं मुलं उत्तरपत्रिकेत आलेखासकट लिहितात, दहापैकी नऊ गुण घेतात, आणि तो मजकूर त्यांच्या स्वतःच्या डोक्यात कोणत्या वेगानं उतरणार आहे याची त्यांना गंधवार्ता नसते. त्यांना कशाला, आम्हालाही नसते. कारण परीक्षा झाल्यावर पुन्हा नमुना घ्यायला कुणी जात नाही.

नमुना पुन्हा पुन्हा घ्यायची कल्पना सत्तरच्या दशकात नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त इथं आकाराला आली. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय नवं होतं. मोठमोठ्या व्याख्यानांऐवजी मुलांना छोट्या गटात बसवून, रुग्णाचा एखादा प्रश्न पुढे ठेवून शिकवायचं असा त्यांचा पण. पण परीक्षा जुन्याच वळणाची ठेवली तर मुलं गटात गप्पा मारणार आणि रात्री परीक्षेपुरतं वाचणार, हे त्यांनी ओळखलं. जगातली सगळी मुलं सारखीच. मग त्यांनी अशी परीक्षा बनवली की जिचा अभ्यासच करता येऊ नये. प्रश्न सगळ्या विषयांतले, पातळी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरची. आणि त्याच दिवशी तोच पेपर पहिल्या वर्षाच्या मुलापासून शेवटच्या वर्षाच्या मुलापर्यंत सगळ्यांना. वर्षातून चार वेळा, दर वेळी नवे प्रश्न. नाव ठेवलं प्रोग्रेस टेस्ट. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या वैद्यकीय शाळेतही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशीच चाचणी सुरू झाली होती. एकाच्या डोक्यातली कल्पना दुसऱ्याच्या डोक्यात त्याच वेळी यावी, असं इंटरनेट नव्हतं तेव्हा होत असे.

या परीक्षेत पहिल्या वर्षाच्या मुलाला जवळपास काहीच येत नाही, आणि येऊ नये अशीच अपेक्षा असते. ही गोष्ट आपल्याकडच्या पालकसभेत समजावून सांगण्याचा प्रसंग माझ्यावर येऊ नये. ‘पोराला दहा टक्के पडले आणि तुम्ही म्हणता उत्तम चाललंय?’ होय काका, कारण पुढच्या वेळी चौदा पडतील, मग एकोणीस. बघायचा तो एकेक आकडा नाही, त्यांना जोडणारी रेघ. ती चढते आहे का, कुठल्या विषयात चढते, आणि (खरी मेख इथं आहे) कुठे घसरते. कारण घसरतेही. शरीररचना, रसायन, जीवरसायन अशा पायाभूत विषयांची रेघ पुष्कळदा मध्येच सपाट होते किंवा खाली वाकते, तर रुग्णांशी संबंध येऊ लागला की उपचारांच्या विषयांची वर जाते. नेहमीच्या मार्कलिस्टवर हे कधीच दिसणार नाही. तिथं एकदा ‘उत्तीर्ण’ झालेला विषय अजरामर असतो.

फार्मसीच्या जगात हे वारं अमेरिकेत शिरलं. ह्यूस्टन विद्यापीठाच्या फार्मसी कॉलेजानं ‘माइलमार्कर’ नावाच्या चाचण्या सुरू केल्या: वर्ष संपलं की त्या वर्षाचं, आणि पुढे मागच्या वर्षांचंही. जुनं विसरलास की नाही ते आता सांग, असा रोखठोक मामला. मग तिथल्या राज्यांच्या फार्मसी मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००८ पासून देशभरच्या कॉलेजांसाठी एक सामाईक चाचणी काढली. तिचे २२५ प्रश्न. त्यांतले २०० मोजायचे आणि २५ नुसते चाचपून बघायचे, पण कुठले ते मुलांना सांगायचं नाही. फार्मसी शिक्षणाच्या २०१६ च्या मानकांनी फार्म. डी.च्या मुलांना वर्गातलं शिक्षण संपत येताना ती देणं भाग केलं. मात्र पास-नापास तिच्यावर ठरत नव्हतं. आणि इथं आमच्या व्यवसायातलं एक सनातन सत्य अटलांटिकपलीकडेही उभं राहिलं. ज्याला मार्क नाहीत ते पोरं मनावर घेत नाहीत. काही कॉलेजांनी बक्षिसं ठेवून पाहिली, काहींनी प्रेमानं समजावलं, काहींनी थोडासा धाकही घातला.

पण चाचणी संगणकावर असली की एक गोष्ट लपत नाही. परिच्छेदभर लांबीचा प्रश्न, रुग्णाचं वय, वजन, क्रिएटिनिन, चालू असलेली सहा औषधं, आणि विद्यार्थ्यानं दोन सेकंदांत उत्तर दिलेलं. एवढ्या वेळात तर रुग्णाचं लिंगही वाचून होत नाही. कागदावर असं उत्तर बरोबर आलं तर आम्ही म्हणायचो, हुशार आहे. संगणक म्हणतो, घरी जायची घाई आहे. अशी उत्तरं बाजूला काढून मगच रेघ आखायची, अशी रीतच आता या शास्त्रात पडली आहे.

संगणक आणखीही चहाड्या करतो. परीक्षेआधी प्रत्येक पिढीतल्या शिक्षकांनी मुलांना दिलेला सल्ला आहे: पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नका. माझ्या बाईंनी मला दिला होता, त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिला असणार. कुणी काय खोडलं आणि काय लिहिलं हे तपासणाऱ्यांना मात्र पुन्हा पुन्हा उलटंच आढळलं आहे. बदललेली उत्तरं चुकीवरून बरोबर होण्याचं प्रमाण बरोबरवरून चूक होण्यापेक्षा जास्त असतं. मग सल्ला इतका चिवट कसा? कारण बरोबर उत्तर खोडून चूक केलेलं माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही. चूक खोडून बरोबर केलेलं त्याला संध्याकाळी आठवतही नाही. हळहळीची हाफ-लाइफ फार मोठी.

उत्तरं यंत्रानं तपासण्याची युक्ती ज्याची, त्याची गोष्ट इथं सांगितल्यावाचून राहवत नाही. रेनॉल्ड जॉन्सन हा अमेरिकेतल्या मिशिगनमधला शाळामास्तर. शिसपेन्सिलीच्या रेघेतून वीज वाहते हे त्याला पोरवयातच ठाऊक होतं. असं सांगतात की बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या मोटारीच्या स्पार्क प्लगवर हा गुपचूप पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवी, म्हणजे ठिणगी भलतीकडे जाई आणि गाडी सुरूच होत नसे. हाच उपद्व्याप पुढे कामी आला. कागदावरची पेन्सिलीची खूण विजेनं ओळखणारं यंत्र त्यानं बनवलं, आयबीएमनं त्याला नोकरीला घेतलं आणि १९३८ मध्ये ते यंत्र बाजारात आलं. ओएमआरच्या उत्तरपत्रिकेवर गोल काळे करताना ज्यांची पेन्सिल मोडली त्या सगळ्यांनी हा आपला मूळपुरुष समजावा. पण कहाणी इथं संपत नाही. याच जॉन्सनच्या हाताखाली १९५६ साली पहिली हार्ड डिस्क तयार झाली: चोवीस इंची पन्नास तबकड्या, मिळून पन्नास लाख अक्षरं. माणसाला किती आठवतं हे मोजायचं यंत्र करून झाल्यावर गड्यानं बहुधा ठरवलं असावं, की न विसरणारं काहीतरी आपणच बनवलेलं बरं.

अलीकडच्या संगणकीय चाचण्यांचं एक अंग असं की उत्तर बरोबर आलं तर पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं तर सोपा. अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना देणारी परीक्षा १९९७ ते २०१६ अशीच चालत असे. मुलाची पातळी थोड्या प्रश्नांत पकडता येते हा फायदा. तोटा असा, की प्रत्येकाला त्याच्या कुवतीच्या काठावरचेच प्रश्न येत राहतात, त्यामुळे हुशार मुलगाही चेहरा पाडून बाहेर येतो. याच्यामागे मोठं गणित आहे. गेओर्ग राश नावाच्या डॅनिश गणितज्ञानं प्रश्नाची अवघडता आणि माणसाची तयारी एकाच फूटपट्टीवर कशी मोजायची ते दाखवलं. आमच्याकडचे जुने एक्स्टर्नल परीक्षक हे गणित न शिकताच करत. व्हायवाला पोरगं आलं की सुरुवात बीटा ब्लॉकरपासून. उत्तर आलं की रिसेप्टरचे उपप्रकार, मग त्यांच्या आतली साखळी, मग थेट ताजं संशोधन, पोरगं घामाघूम होईपर्यंत. आणि पहिलंच अडलं तर एकेक पायरी खाली: बरं, बीपीची कुठलीही एक गोळी सांग. बरं, अ‍ॅस्पिरिन ऐकलंय? बरं, बाळ, नाश्ता केलास का? पाच मिनिटांत पंचवीसपैकी किती ते ठरलेलं असे, आणि ते क्वचितच चुके. फक्त दोन एक्स्टर्नलांच्या फूटपट्ट्या एक नसत, आणि साहेबांचं जेवण व्हायच्या आधीचा व नंतरचा आकडा वेगळा येई. संगणकाला जेवण नसतं, ही त्याची एक जमेची बाजू.

मला मात्र या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत मोलाचं बटण वेगळंच वाटतं. मास्त्रिख्तच्या त्या जुन्या पेपरात प्रत्येक विधानापुढे तीन पर्याय असत: बरोबर, चूक, आणि नुसतं प्रश्नचिन्ह. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला उणे एक, प्रश्नचिन्हाला शून्य. म्हणजे ‘माहीत नाही’ हे अधिकृत उत्तर. त्याची लाज नाही, शिक्षा नाही. पहिल्या वर्षाचा मुलगा पानभर प्रश्नचिन्हं करून निवांत बाहेर पडू शकतो.

आमच्याकडे हे बटण कुणी कधी दाबलं असेल असं वाटत नाही. व्हायवाला जाणाऱ्या मुलाला दारात उभे असलेले सीनियर सांगतात ते एकच: गप्प बसू नको, काहीतरी बोल. मुलं बोलतात. कुठल्याही वनस्पतीबद्दल विचारा, ती अँटिऑक्सिडंट असते. हे खोटंही ठरवता येत नाही. बहुपर्यायी पेपरात तोच धर्म ‘तुक्का’ या रूपात चालतो, आणि आमच्या परीक्षांचे हिशेबही त्याला आडकाठी करत नाहीत. एम. फार्म.च्या वाटेवरची जीपॅट ही २०१० पासूनची परीक्षा घ्या. संगणकावरची, १२५ प्रश्न, ५०० गुण, बरोबरला चार, चुकीला वजा एक. निगेटिव्ह मार्किंग म्हटलं की मुलं घाबरतात. पण हिशेब करा. डोळे मिटून सगळे प्रश्न टिचकवले तर चारांत एक या दरानं सव्वाएकतीस बरोबर, त्यांचे सव्वाशे गुण. उरलेल्यांपायी जातात पावणेचौऱ्याण्णव. खिशात उरतात सरासरी एकतीस. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या प्रामाणिक मुलाला शून्य. तुक्क्याचा फायदा पुरता काढून घ्यायचा तर चार पर्यायांना बरोबरला तीन आणि चुकीला एक असा दर हवा. तसं झालं तर क्लासवाले काय शिकवतील, हा प्रश्न वेगळा.

एकतीस गुणांनी काही आभाळ कोसळत नाही. मला काळजी आहे ती काउंटरची. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी संधिवातात आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठीवरचं अक्षर धड नाही, आजोबा म्हणतायत की डॉक्टरांनी रोज सांगितलीय. रोज घेतली तर अस्थिमज्जा कोलमडून माणूस दगावू शकतो. हायड्रॅलाझिन रक्तदाबाची, हायड्रॉक्सिझिन खाजेची. नावं सख्ख्या बहिणींची, स्वभाव परक्यांचे. अशा वेळी मेडिकलमधल्या पोराला सगळं आठवावं अशी माझी अपेक्षाच नाही. एवढं अमिओडॅरोन कुणाच्याच डोक्यात नसतं. ‘थांबा आजोबा, मला नक्की माहीत नाही, डॉक्टरांना फोन लावतो’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघायला हवं. आणि चार वर्षं आम्ही त्याला शिकवलेलं असतं: गप्प बसू नको, काहीतरी बोल.

म्हणून रेघेपेक्षाही, संगणकानं साठवलेल्या नोंदींतला मला बघावासा वाटणारा आकडा आहे चुकीची उत्तरं आणि ‘माहीत नाही’ यांच्या प्रमाणाचा. वर्ष पुढे सरकतं तशी प्रश्नचिन्हं कमी व्हावीत हे खरंच. पण ती कमी होऊन त्यांच्या जागी चुका आल्या, तर पोरगं शिकलं नाही, धीट झालं एवढंच. दोन सत्रांच्या बेरजेत हे दिसत नाही. सलग आठ सत्रांच्या नोंदींतच दिसेल.

आमच्या विभागात आम्ही या पद्धतीची एक घरगुती आवृत्ती काढली. सत्र सुरू होताना लँग्वेज लॅबमधल्या संगणकांवर, सगळ्या वर्षांना एकच पेपर, ‘माहीत नाही’चं बटण ठळक. पहिल्या खेपेला मुलांनी ते बटण म्हणजे सापळा समजून टाळलं. एकानं विचारलंच, ‘सर, हे दाबलं तर इंटर्नलमधले कापणार नाही ना?’ युपीएस मध्येच किंचाळायचा तेव्हा सगळा वर्ग एका सुरात ‘माहीत नाही’ म्हणायचा. दुसऱ्या वेळेपासून बटणाचा वापर वाढला, आणि तिसऱ्या वर्षातली एक मुलगी मला म्हणाली की कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच खोटं न बोलता पेपर दिला. ती संध्याकाळी एका मेडिकलमध्ये काम करते. औषधांच्या आंतरक्रियांत तिची रेघ वर्गापेक्षा सरळ वर गेलेली होती. रोज चार जण चार चिठ्ठ्या घेऊन येतात आणि तिला रोज आठवावं लागतं. दुसरं कारण मला सापडलं नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच दाखवलं होतं. एक उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे असतात. पण आठवड्यानंतर पुढे असतात ते, ज्यांनी वाचणं थांबवून आठवून बघितलं होतं. तेव्हा चाचणी नुसता नमुना घेत नाही, थोडी मात्राही देऊन जाते.

मग कुणीतरी सुचवलं की शिक्षकांनीही बसावं. इथून पुढचा भाग सांगताना सहकाऱ्यांची लाज राखणं माझं कर्तव्य आहे. एवढंच म्हणतो की प्रत्येकाची रेघ आपापल्या विषयात आभाळाला भिडलेली, आणि शेजारच्या विषयात जमिनीवर. शिवाय शिक्षकांच्या रांगेत ‘माहीत नाही’चं बटण कुणीच दाबलेलं नव्हतं. केमिस्ट्रीच्या सरांनी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर ‘प्रश्नच चुकीचा आहे’ असा शेरा मारला. त्यातला एक प्रश्न संगणकानंही चुकीचा ठरवला. त्याची पद्धत साधी. ज्या प्रश्नाला वर्गातली तयारीची मुलं चुकतात आणि ढकलगाडीवाली बरोबर उत्तर देतात, तिथं गडबड मुलांत नसते, प्रश्न काढणाऱ्यात असते. असे प्रश्न तो नावानिशी यादी करून देतो. ती यादी बघितल्यापासून विभागातला एक मोठा गट संगणकीय परीक्षेच्या विरोधात गेला.

सगळंच उतरत नाही, हेही सांगायला हवं. हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ माणसांची परीक्षा घेतली. काहींना शिकून पन्नास वर्षं लोटली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत पुष्कळ गळालं. पण उरलं ते पुढे तीसेक वर्षं जवळजवळ तसंच राहिलं. जे जास्त काळ शिकले होते त्यांचं जास्त उरलं. आमच्या मुलांचं नक्की काय उरतं हे बघायचं तर पदवीनंतरही नमुना घ्यावा लागेल. डी. फार्म.वाल्यांसाठी २०२२ च्या नियमांनी एक्झिट एग्झाम आणली आहे, तीन पेपर, प्रत्येकात निम्मे गुण हवेत. पण तीही दारातलीच. दाराबाहेर पडलं की पुढचा सगळा प्रवास विनातपासणीचा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत एकेक दिवसाचे दोन रिफ्रेशर कोर्स करायचे असतात. मी असल्या कोर्सला गेलेलो आहे. सकाळी नोंदणी आणि पिशवी, मग दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांची ओळख, मग चहा, मग एक चांगलं भाषण. ते चांगलं असतं, पण लक्ष दुपारच्या श्रीखंडाकडे असतं.

मध्यंतरी आमच्या बी. फार्म.च्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी प्रस्ताव टाकला. कुणी कंपनीत आहे, कुणी सरकारी अन्न व औषध खात्यात, निम्म्यांची स्वतःची दुकानं. म्हटलं, विद्यार्थ्यांचा पेपर तुम्हाला पाठवतो, नाव न लावता सोडवा, बघू या कुणाचं किती उरलंय. ‘माहीत नाही’ला गुण कापणार नाही. बराच वेळ निळ्या टिका दिसत राहिल्या, उत्तर येईना. मग दोघांनी अंगठा दाखवला, एकानं गेल्या वर्षीच्या गेट-टुगेदरचा फोटो टाकला. अन्न व औषधवाल्यानं विचारलं, हे ऑफिशियल आहे का. शेवटी जालन्याच्या दुकानदार मित्राचा मेसेज आला: ‘पेपर ठीक आहे रे. जेवण ठेवलंयस का?’